गॅरेट एस ३०० आय मेटल डिटेक्टर: पहिलं मशीन म्हणून कसं आहे?

‘मग पैसे वसूल झाले का?’ हा आपल्या माणसांचा पहिला प्रश्न असतो, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही झाले, आणि होणारही नाहीत. मला मशीन साधारण अडीचशे पौंडांना पडलं, खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा, हातात धरायचा पिनपॉइंटर सव्वाशेच्या आसपास, अरुंद पात्याचं स्टीलचं फावडं साठेक. वर गुडघ्यांच्या गाद्या, कमरेची पिशवी, विमा. सगळं मिळून पाचशेच्या घरात जातं. जमिनीतून निघालेली माझी सगळी नाणी ओळीने मांडली, तर एखादा दुकानदार त्यांचे शंभर देईल, तेही त्याचा दिवस बरा गेला असेल तर. ज्यांना मोहरांचा हंडा हवाय त्यांनी लॉटरीचं तिकीट काढावं, ते स्वस्त पडतं. ज्यांना साडेसातशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मुठीतून निसटलेला चांदीचा तुकडा चिखलातून आपल्या हाताने उचलायचा आहे, त्यांनी पुढे वाचावं.

मी इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफॉक परगण्यातल्या नॉरिच शहराबाहेर राहतो आणि हॉस्पिटलात एमआरआय स्कॅनर चालवतो. म्हणजे आठवडाभर माझी नोकरी धातू खोलीबाहेर ठेवण्याची: खिशात काही आहे का, बेल्ट काढलात का, पेसमेकर आहे का. आणि सुट्टीच्या दिवशी तोच मी शेतात धातू शोधत फिरतो. बायकोच्या मते हा आजार आहे. असेल. पण नोकरीचा एक फायदा झाला, मशीनच्या पोटात काय चाललंय ते समजायला वेळ लागला नाही.

खालच्या चकतीत, म्हणजे कॉइलमध्ये, तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं सेकंदाला ८,००० आवर्तनांचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतं. खाली धातू असला की त्यात एडी करंट, म्हणजे विजेचे बारीक भोवरे, तयार होतात, त्यांचं स्वतःचं बारीकसं क्षेत्र वर येतं आणि दुसरं वेटोळं ते पकडतं. चांदीचं उत्तर आणि लोखंडाचं उत्तर यांच्या वेळेत किंचित फरक असतो. त्या फरकावरून मशीन ० ते ९९ मधला एक आकडा पडद्यावर दाखवतं. हा आकडा म्हणजे धातूचं नाव नव्हे, हे पहिल्या दिवशी मनात पक्कं करून ठेवा. वस्तू केवढी आहे, किती खोल आहे, आडवी की उभी, या सगळ्यावर तो बदलतो. चॉकलेटची चांदी आणि खरी चांदी एकच आकडा दाखवू शकतात.

गॅरेट ही टेक्सासमधली कंपनी, १९६४ सालची. आपल्याकडे विमानतळावर आणि मॉलच्या दारात रखवालदार अंगावरून जे काळं दांडकं फिरवतात, त्यावर हे नाव तुम्ही वाचलंही असेल. एस ३०० आय हे त्यांचं शिकाऊ माणसासाठीचं मॉडेल. वजन १.२७ किलो, चार एए सेल, सात बाय दहा इंचांची लंबगोल कॉइल, हेडफोनला पाव इंचाचा जाड जॅक. जोडायला अवजारं लागत नाहीत, दांड्याचे तुकडे एकात एक बसवायचे, केबल गुंडाळायची, झालं. सेल रिचार्ज होणारे घ्या. कॉइल पाण्यात बुडवली तरी चालते, वरचा पडद्याचा डबा मात्र कोरडा ठेवायचा असतो, त्यामुळे इंग्लंडच्या भुरभुर पावसात त्यावर कापडी टोपी चढवावी लागते. ती चार-पाच पौंडांत मिळते. नसेल तर भाकरीची प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड. माझ्या मशीनवर अजून तीच आहे.

या मशीनमधलं मला सर्वांत आवडतं ते आवाज. तीनच आहेत. लोखंडाला खर्जातला, मधल्या धातूंना मधला आणि मोठ्या चांदी-तांब्याला देवळातल्या घंटेसारखा टणत्कार. महागड्या मशीनमध्ये आवाजांची भाजणी इतकी बारीक असते की नवख्याचं डोकं उठतं. इथे तीन सुरांत सगळा व्यवहार. काही दिवसांनी पडद्याकडे बघायची गरजच उरत नाही, कान काम करतात. खालची वस्तू नाणं असेल तर सूर स्वच्छ, आखूड आणि दोन्हीकडून सारखा येतो. तुम्ही नव्वद अंशांत फिरून पुन्हा कॉइल हलवली तरी तो तसाच राहतो. गंजलेला मोठा लोखंडी तुकडा एका बाजूने घंटा वाजवतो आणि दुसऱ्या बाजूने खोकतो. ही परीक्षा कुठल्याच पुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगाची आहे.

पाच मोड आहेत, त्यातला ‘कॉइन्स’ नावाचा मोड नाण्यांसाठी वापरू नका. विचित्र वाटेल, पण ऐका. तो मोड कचरा गाळायला आखलेला आहे. कॅनच्या झाकणांच्या कड्या, फॉइल, असलं सगळं आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात येतं आणि तो पट्टाच हा मोड गप्प करतो. बागेत आजकालची नाणी शोधायची असतील तर छान. पण इंग्लंडची मध्ययुगीन नाणी कागदासारखी पातळ असतात, आणि तीही नेमकी त्याच मधल्या पट्ट्यात बोलतात. कड्या नकोत म्हणालात की ती नाणीही गेली. म्हणून मी कस्टम, म्हणजे आपण ठरवायच्या मोडमध्ये फक्त खालचं बारीक लोखंड बंद करतो आणि बाकी सगळं खणतो. सगळं म्हणजे सगळं: काडतुसांची पितळी बुडं, शिशाचे गोळे, ट्रॅक्टरखाली चिरडलेले बिअरचे कॅन, आणि बटणं. बटणांविषयी काय सांगू! या शेतांतली माणसं शेकडो वर्षं नुसती बटणं तोडत हिंडली असावीत.

आता मर्यादा. ८ किलोहर्ट्झ, म्हणजे वर सांगितलेली सेकंदाला ८,००० आवर्तनं, ही खालच्या बाजूची फ्रिक्वेन्सी आहे. मोठ्या चांदी-तांब्याला ती उत्तम, अगदी बारीक आणि पातळ वस्तूंना तितकीशी नाही. जमिनीतल्या खनिजांशी जुळवून घेण्याची पट्टी, म्हणजे ग्राउंड बॅलन्स, कारखान्यातच ठरवून दिलेली आहे, ती आपल्या हातात नाही. नॉरफॉकची माती हलकी, वाळूसर, गारगोट्यांनी भरलेली. तिथे त्याने काही अडत नाही. क्रोमरच्या किनाऱ्यावर कोरड्या वाळूत मशीन शांत असतं, भरतीच्या ओल्या खारट पट्ट्यात गेलं की बडबडायला लागतं. एका फ्रिक्वेन्सीच्या कुठल्याही साध्या मशीनचं खाऱ्या पाण्यात हेच होतं. किनारा हाच तुमचा छंद असेल तर हे मशीन तुमच्यासाठी बनवलेलंच नाही.

आणि खोली. नाण्याएवढी वस्तू सहा-सात इंचांपर्यंत, फार झालं तर आठ. ‘एवढंच?’ असं सगळे विचारतात, आणि याच आकड्यासाठी लोक दुप्पट-तिप्पट पैसे मोजतात. मला ते पटत नाही. इथल्या जबाबदार डिटेक्टिंगच्या आचारसंहितेनुसार नांगरटीच्या थरातच खणायचं असतं. नांगराने उलथलेल्या त्या थरात वस्तू आपल्या मूळ जागेवरून आधीच हललेल्या असतात, त्या उचलल्याने इतिहासाचं नुकसान होत नाही, उलट पुढच्या नांगरटीतून त्या वाचतात. त्याच्या खाली जे न हललेलं आहे ते पुरातत्त्ववाल्यांचं. मग ज्या खोलीवर मला खणायचंच नाही तिथलं ऐकू येण्यासाठी मी आठशे पौंड का मोजू?

पिनपॉइंटर मात्र घ्याच. मोठं मशीन सांगतं ‘इथे कुठेतरी’, आणि त्या कुठेतरीमधून काढलेल्या ढेकळात करड्या मातीच्या रंगाचं नाणं डोळ्यांनी दिसत नाही. गाजराएवढा नारिंगी पॉइंटर ढेकळात खुपसला की तो थरथरतो. गॅरेटचाच प्रो-पॉइंटर एटी मी वापरतो, तो पाण्यातही चालतो. बाजारात याच्या हुबेहूब नकला फिरतात, रंग तोच, अक्षरं तीच, किंमत तिसरा हिस्सा. आमच्या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातल्या एकाने ऑनलाइन तसला घेतला होता, तो खिशातल्या खिशात ओरडत असे.

कधी फिरायचं हे पीक ठरवतं. नॉरफॉक हा बीटाचा मुलूख आहे. कँटलीचा साखर कारखाना १९१२ सालचा. शरद ऋतूपासून बीट भरलेल्या ट्रकांची वर्दळ सुरू झाली की सांगलीकडच्या वाळवा तालुक्यातल्या माझ्यासारख्या माणसाला गळीत हंगाम आठवणारच. बीटाचं शेत वसंतातल्या पेरणीपासून काढणीपर्यंत आपल्यासाठी बंद. गहू आणि बार्ली कापली की ऑगस्ट-सप्टेंबरात धसकटांतून फिरायची थोडी मुदत मिळते. नांगरून, रूळ फिरवून, वर एक-दोन पाऊस पडलेलं रान सर्वांत चांगलं. कॉइल जमिनीलगत सपाट फिरते आणि ओल्या मातीत सूर स्वच्छ येतात. ज्या शेतात शहराच्या हिरव्या कचऱ्याचं खत पसरलंय तिथे पाऊलही टाकू नका. त्या खतातून आलेल्या ॲल्युमिनियमच्या चिंध्या वर्षानुवर्षं सिग्नल देत राहतात.

परवानगीशिवाय कुणाच्याही जमिनीत कॉइल फिरवायची नाही, हा पहिला नियम. मला पहिली परवानगी एका लोखंडी पिनेने मिळवून दिली. आमच्या गावाबाहेरच्या शेतकऱ्याची ट्रेलर जोडायची पिन धसकटांत पडली होती, आणि ती सापडेपर्यंत सगळं काम अडलेलं. झीरो डिस्क मोड लावला, म्हणजे लोखंडासकट सगळं ऐकू येतं, आणि रांगोळीच्या ठिपक्यांसारखं एकही जागा न सोडता फिरलो. पिन निघाली. म्हातारा बोलायला कमी. त्याने पिन पँटला पुसली आणि ‘वरचं शेतही मोकळं आहे’ एवढंच म्हणाला. नंतर चहावर मी त्याला सांगितलं की आमच्याकडे ऊस एकदा लावला की तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटतो, खोडवा घेतात. त्याचा विश्वास बसेना. दरवर्षी बी विकत घेऊन बीट पेरणाऱ्याला ती फसवणूकच वाटली असणार. आता आमच्यात एका कागदावर सहीचा करार आहे: कोणती शेतं, गेट बंद करायचं, खड्डे बुजवायचे, आणि काही मौल्यवान निघालं तर निम्मं-निम्मं. तोंडी मैत्री कितीही असो, कागद करा.

त्या वरच्या शेताने काय दिलं? बहुतेक बटणंच. मग न्यूरेंबर्गचा एक जेटन. हे नाणं नव्हे, पितळेची पातळ हिशेबाची चकती. रेघा मारलेल्या फळ्यावर अशा चकत्या सरकवून सोळाव्या-सतराव्या शतकात बेरजा करत. जर्मनीतून हजारोंनी आल्या आणि इंग्लंडच्या मातीत सांडल्या. सोन्यासारखी चमकते, त्यामुळे नवख्याच्या काळजाचा ठोका चुकतो.

आणि तो चांदीचा तुकडा. सूर मधला, आकडा डळमळता, मी तर फॉइल समजूनच खणलं. राजा तिसऱ्या हेन्रीच्या काळातल्या लाँग क्रॉस पेनीचा पाव हिस्सा निघाला. १२४७ पासून या पेनीच्या मागचा क्रूस थेट कडेपर्यंत नेला गेला. कड कातरून चांदी चोरली तर क्रूसाची टोकं गेलेली लगेच दिसावीत, हा हेतू. पण लोकांना तो वेगळ्याच कामाला आला. सुट्ट्या पैशांची टंचाई होती, तेव्हा त्याच क्रूसाच्या रेषांवरून नाणं कापून अर्धी पेनी, पाव पेनी करत. गोल पाव पेनी पाडायला पहिल्या एडवर्डने १२७९ मध्ये सुरुवात केली, तोवर हेच सुट्टे. वजन अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. त्यावर राजाच्या नावातलं एखादं अक्षर उरलेलं. हातात घेतल्यावर मला हसू आलं, कारण विस्कटलेल्या त्या त्रिकोणात मला सांगलीच्या बाजारातला सुट्ट्यावरून होणारा वाद ऐकू येत होता.

तांब्याची, ब्राँझची पेनी तर पोतंभर निघते. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज. १८९३ पासून १९४८ पर्यंतच्या नाण्यांवर राजाच्या बिरुदांत शेवटी ‘इंड इम्प’ अशी अक्षरं आहेत, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. १९४९ पासून ती गेली. झिजलेल्या पेनीवर बाकी काही वाचता येत नसलं तरी मी ही अक्षरं आधी शोधतो. सवय म्हणा.

एकदा घंटा इतक्या जोरात वाजली की मी हेडफोन बाजूला केले. १७९७ ची कार्टव्हील पेनी. अखंड एक औंस तांबं, जाड उठलेली कड, तिसऱ्या जॉर्जचं तोंड घासून गुळगुळीत झालेलं. ही बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टाकसाळीत मॅथ्यू बोल्टनने वाफेवरच्या यंत्रांनी पाडली. त्याच टाकसाळीत १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडले गेले. एका बाजूला कंपनीची खूण, दुसऱ्या बाजूला तराजू आणि अरबी लिपीत ‘अदल’, न्याय. नॉरफॉकच्या मजुराच्या खिशातला पैसा आणि मुंबईच्या बाजारातला पैसा एकाच कारखान्याचे. कंपनीची नाणी हवी असतील तर इंग्लंडमध्ये ती खणावीही लागत नाहीत. ॲडमिरल गार्डनर नावाचं जहाज जानेवारी १८०९ मध्ये केंटच्या किनाऱ्याजवळच्या गुडविन सँड्सच्या वाळूत रुतून बुडालं, त्यात मद्रास इलाख्यासाठीची तांब्याची १० आणि २० कॅशची (कॅश हे तिथलं तेव्हाचं लहान चलन) नाणी टनांनी भरलेली होती. १९८० च्या दशकात त्यातली पुष्कळ वर आली आणि आजही नाण्यांच्या दुकानांत परवडणाऱ्या भावात मिळतात. मी एक घेतलंय. खणून काढण्याची मजा त्यात नाही, पण ते समुद्राच्या तळाचं आहे हे पाहुण्यांना सांगायला बरं पडतं.

आता ज्या सेवेला मी मशीनपेक्षा जास्त गुण देतो तिच्याकडे येतो. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम, १९९७ पासून चालणारी. जिल्ह्यागणिक एक फाइंड्स लिएझन ऑफिसर असतो. तुम्हाला सापडलेली वस्तू त्याच्याकडे न्यायची, नेमकी जागा सांगायची. तो मोजतो, फोटो काढतो, ओळखतो, नोंद करतो आणि वस्तू परत देतो. एक पैसा लागत नाही. नोंदी सार्वजनिक आहेत, १५ लाखांहून जास्त वस्तूंच्या, पण नेमकं शेत कळू नये म्हणून लोकांना फक्त ढोबळ ठिकाण दिसतं. माझ्या पाव पेनीलाही क्रमांक मिळाला. बाजारात तिला कुणी विचारणार नाही, पण तेराव्या शतकात या उतारावर पैशांची देवघेव होत होती याचं ते एक टिंब नकाशावर बसलं. नॉरफॉकमध्ये तर हे सहकार्य १९७० च्या दशकापासूनचं आहे, इतर ठिकाणी पुरातत्त्ववाले डिटेक्टरवाल्यांना चोर म्हणत होते तेव्हापासूनचं.

कायदा थोडक्यात. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे ३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू ‘ट्रेझर’ ठरते. सुटं एकटं नाणं त्यात येत नाही, पण एकाच जागी दोन सापडली तर येतात. तांब्यासारख्या साध्या धातूची असतील तर दहा लागतात. २०२३ पासून २०० वर्षांहून जुन्या आणि असाधारण महत्त्वाच्या वस्तूही धरल्या जातात. कळल्यापासून १४ दिवसांत कळवायचं. संग्रहालयाने ती ठेवून घेतली तर बाजारभावाने मोबदला मिळतो, सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटून. संरक्षित स्मारकांच्या जागेत परवान्याशिवाय मशीन फिरवणं हाच गुन्हा, १९७९ च्या कायद्याने. आणि या भागात दुसऱ्या महायुद्धातले विमानतळ पसरलेले होते, तेव्हा मोठं, जड, बॉम्बचं नळकांडं वाटेल असं काही दिसलं तर हात काढायचा, लांब जायचं आणि ९९९ हा आणीबाणीचा नंबर लावायचा. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सदस्यत्व घ्या. त्यात १ कोटी पौंडांपर्यंतचा नुकसानभरपाईचा विमा येतो, आणि तो कागद दाखवला की शेतकऱ्याचा चेहरा सैल होतो. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सचं. स्कॉटलंडचे नियम वेगळे, आणि आयर्लंडमधल्या मंडळींनी तर आधी सरकारी परवानगीचं बघावं, मशीन नंतर.

नियम पाळल्याने काय होतं त्याचं उदाहरण आमच्या हद्दीलगतच आहे. सफोकमधल्या हॉक्सन गावी नोव्हेंबर १९९२ मध्ये एरिक लॉज हा निवृत्त गृहस्थ शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधत होता. मशीन त्याला निवृत्तीची भेट म्हणून मिळालेलं. हातोडीआधी रोमन सोन्या-चांदीची नाणी निघायला लागली. त्याने पूर्ण न खणता कळवलं, आणि पुरातत्त्ववाल्यांनी येऊन पेटीत काय कसं रचलं होतं तेही नोंदवून ठेवलं. १५ हजारांच्या आसपास नाणी, शिवाय दागिने, चमचे. मोबदला साडेसतरा लाख पौंड, जो त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतला. हातोडीही सापडली, ती आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. मला सोन्यापेक्षा त्या हातोडीचंच कौतुक वाटतं.

रॅली नावाचा एक प्रकार असतो. पैसे भरून शेकडो लोक एका दिवसासाठी मोठ्या शेतात सोडतात. मी गेलो ती रॅली कुणाची ते सांगत नाही, पण सापडलेल्या वस्तूंच्या नोंदणीचं टेबल दुपारी जेवायच्या आधीच गुंडाळलेलं होतं आणि लोक खिशात काय घालून निघाले ते देव जाणे. शिवाय कॉइल एकमेकांजवळ आल्या की मशीनं एकमेकांत कुजबुजायला लागतात. एस ३०० आयला त्यावर फ्रिक्वेन्सी किंचित सरकवायची सोय आहे, ती तिथे कामी आली. तरी माझा सल्ला असा की छोटा क्लब शोधा, जिथे फाइंड्स लिएझन ऑफिसर स्वतः येऊन वस्तू घेऊन जातो.

हे वाचून गावाकडून फोन येणार हे ठाऊक आहे, कारण आधीच आलाय. चुलतभाऊ म्हणाला, ‘दादा, येताना ते मशीन घेऊन ये की. गढीच्या मागं फिरवू एकदा.’ नाही, बाळा. भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून जिवंत आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. संरक्षित किल्ल्यांवर खणणं तर गुन्हाच. आणि इथल्यासारखा, तुमची झिजकी शिवराई हातात घेऊन कुठे सापडली ते विचारणारा, नोंदवणारा आणि परत देणारा माणूस तालुक्याला नेमलेला नाही. तो नसताना खणलेलं प्रत्येक नाणं म्हणजे फाडलेलं पान. शिवाय आपल्याकडची बसाल्टची, लोहखनिजाने भरलेली जमीन ठरावीक ग्राउंड बॅलन्सच्या मशीनला झेपणारी नव्हे. हे दुसरं कारण मी त्याला आधी सांगितलं, कारण ते त्याला लवकर पटलं.

दुसरी मशीनं? अनेक फ्रिक्वेन्सी एकदम वापरणारं मिनलॅबचं इक्विनॉक्स मी क्लबात एका मित्राचं हाताळलंय. बारीक पातळ चांदी ते जास्त पकडतं, ओल्या वाळूतही शहाण्यासारखं वागतं, आणि किंमत कितीतरी जास्त. फ्रेंच एक्सपी डिअस वजनाने हलकं, बिनतारी, पैसे असतील आणि खांदा दुखरा असेल तर विचार करा. पण ही दोन्ही मशीनं ज्याला बटण आणि नाणं कानाने ओळखता येत नाही त्याच्या हातात तीच बटणं काढतील. पाच तारे देण्याची पद्धत आहे म्हणून देतो: शेतासाठी चार, किनाऱ्यासाठी दीड, आवाजासाठी पाच.

जुनं घ्यायला हरकत नाही. हिवाळ्यात, हौस फिटलेल्या लोकांची खूप विकायला येतात. घेताना केबल कॉइलमध्ये शिरते तिथे चीर आहे का बघा, सेलच्या खाचेत हिरवा गंज आहे का बघा, आणि एक पेनी गवतात टाकून मशीन तिच्यावरून दोन्ही दिशांनी फिरवून दाखवायला सांगा. दांडा आखूड होतो, त्यामुळे माझी अकरा वर्षांची मुलगी माझंच वापरते. तिच्या खांद्याला मात्र दीड तासापलीकडे वजन जाणवतं, मग उरलेला वेळ ती पॉइंटर घेते आणि खणायचं काम माझ्याकडे येतं.